चारशे बारा पावलं

कॉलेजच्या फाटकापासून माझ्या दारापर्यंत
चारशे बारा पावलं.
बर्फ असला की चारशे तीस,
माणूस जपून टाकतो.

दुकान नवऱ्याचं. बुटांचं.
म्हणजे नवे बूट नव्हेत, टाचा बदलायच्या, चेन बसवायची.
तो गेल्यावर तीन हिवाळे कुलूप.
अजून आत गेलं की डिंकाचा वास
आधी भेटतो, मग अंधार.

दोन आठवडे समोरच्या खाणावळीत खिडकीशी बसले.
डगल्याच्या डाव्या खिशात मेंढीच्या घोट्याची हाडं,
लहानपणी आम्ही यांनीच खेळायचो, दिवस बुडेपर्यंत.
दहा पोरं गेली की एक हाड उजव्या खिशात.
मंगळवारी अकरा हाडं.
शनिवारी सोळा, आणि त्यातली निम्मी पोरं
नुसती उभी, हात काखेत.
दार्खानमध्ये उणे एकतीसला
जायला जागा नसणं म्हणजे काय,
हे ज्याला कळतं त्याला धंदा कळतो.

वहीत लिहिलं:
अठरा जुनी यंत्रं, उलानबातारच्या गान्झोरिगकडून.
"ताई, एकदम ठणठणीत," म्हणतो,
म्हणजे सहा तरी रडतील.
खुर्च्या. वीज. इंटरनेट.
कोपऱ्यात खाऱ्या दुधाच्या चहाचा थर्मास
आणि बूझ वाफवायला एक मोठं भांडं.
खरा नफा भांड्यातच,
कॉम्प्युटर म्हणजे गिऱ्हाईक बसवायची सतरंजी.
सगळं वजा जाता उरतात
गिरणीत मिळायचे तेवढेच तुग्रिक,
तेही बँकेचा हप्ता धरला नाही तर.

पाठच्या पानावर काहीच लिहिलं नाही.
तिथे ओतगोनचं एक वर्ष आहे,
राजधानीतल्या अशाच एका तळघरात गेलेलं.
फी भरलेली, परीक्षेचा नंबर आलेला,
आणि हा रात्रीचे तास घाऊक भावात घेत बसलेला.
बाप तेव्हा काही बोलला नाही.
एकाच बुटाला दोनदा टाच ठोकली फक्त.

आता मी बसू का गल्ल्यावर,
दुसरीच्या पोराचं वर्ष तासाच्या भावाने मोजत?
शेजारची सरनाय म्हणते, तू नाही विकलंस
तर वळणावरचा विकेल.
हे तर दारूवालाही म्हणतो, सरनाय.

चार हाडं टाकली. घोडा, घोडा, शेळी, उंट.
चांगलं दान.
तरी पुन्हा टाकावंसं वाटलं,
तेव्हा हाडं पिशवीत भरली
आणि ओतगोनला फोन लावला.

गोबीत कोळशाचा ट्रक चालवतो.
तीन वाक्यांत फोन संपवणारा.
मी म्हटलं, असं असं मनात आहे.
पलीकडे इंजिनाची घरघर.
मग म्हणाला, खुर्चीत पैसे वाचवू नकोस.
मग, हेडफोन मोडतात, दुप्पट घे.
मग बोलतच राहिला, चाळीस मिनिटं:
कुठल्या खेळाला कुठलं कार्ड,
उधारी बुडवणारा कसा ओळखायचा
(बूट न काढता बसतो म्हणे),
आणि मला कितीतरी वर्षांनी
त्याचा हसण्याआधीचा श्वास ऐकू आला.
शेवटी म्हणाला,
काचा काळ्या करू नकोस, आई.
तिथे केल्या होत्या.
सकाळ झालेली कळायचीच नाही.

अजून ठरलेलं नाही काही.
बँकेचा कागद पिठाच्या डब्याखाली आहे.
पण आज कुलूप काढलं,
नवऱ्याची चामडं तासायची सुरी घेतली,
आणि त्याने उन्हासाठी काचेला फासलेला तपकिरी रंग
एका कोपऱ्यातून खरवडायला घेतला.
तळहाताएवढा निघालाय.
त्यातून कॉलेजचं फाटक दिसतं.
म्हणजे फाटकातूनही
मी दिसत असणार.